तीन माणसांवरून ठरलेला डोस

कॅन्सरच्या गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅमचा जो आकडा छापलेला असतो तो कुठून आला हे पेशंटला माहीत नसतं, घरच्यांना तर नसतंच, आणि माझा अनुभव असा की बऱ्याच डॉक्टरांनाही "कंपनीने अभ्यास करून ठरवला असणार" याच्यापलीकडे फारसं सांगता येत नाही. मी स्टॅटिस्टिक्सवाली, गेली बारा वर्षं ट्रायलचा डेटा बघणं हेच काम करतेय, आणि तो आकडा कसा ठरतो हे जवळून बघितल्यामुळेच लिहायला बसलेय. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पद्धतीने हे डोस आजही ठरवले जातात ती पद्धत एथिक्स कमिटीने (माणसांवरच्या ट्रायलला परवानगी देणाऱ्या समितीने) मंजूरच करू नये, आणि कुठलंही नवं कॅन्सरचं औषध बाजारात यायच्या आधी त्याचे किमान दोन डोस पेशंटमध्ये समोरासमोर तपासलेले असावेत.

आधी घरातली गोष्ट सांगते. माझ्या आत्याला ब्रेस्ट कॅन्सरसाठी कॅपेसिटाबीन चालू होतं. लेबलवरचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुसऱ्या सायकलपासून, म्हणजे औषधाच्या दुसऱ्या फेरीपासून, तळहात लाल झाले, मग सोलायला लागले, लाटणं धरवेना, चपलेत पाय जाईना, आणि ही बाई डॉक्टरांना काही सांगेचना. का, तर सांगितलं की गोळ्या कमी करतील. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच हात बघितले आणि डोस उतरवला, त्या रात्री तिचा मला फोन, "अगं, गोळ्या कमी केल्या, म्हणजे माझं आता काही खरं नाही का?" मी तिला सांगितलं की कितीतरी डॉक्टर हे औषध मुळात १००० पासूनच सुरू करतात, पण तिला ते पटायला महिना गेला. जास्त औषध म्हणजे जास्त इलाज हे तिच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते नुसतं तिच्याच मनात नाही, अख्ख्या कॅन्सर संशोधनाच्या मनात पन्नास-साठ वर्षं तेच बसलंय.

आता पद्धत बघू. तिला ३+३ म्हणतात. नव्या औषधाचा अगदी लहान डोस आधी ठरवतात, बऱ्याचदा उंदरांमधल्या आकड्यावरून, दहा टक्के उंदरांना गंभीर विषबाधा होते त्या डोसचा दहावा भाग वगैरे. मग तीन पेशंटना तो डोस द्यायचा आणि तीन-चार आठवडे थांबायचं. तिघांपैकी कुणालाच मोठा त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर अजून तिघं. तिघांत किंवा सहांत मिळून दोघांना झाला तर थांबायचं, आणि त्याच्या खालची पायरी हाच माणसाला सोसणारा सर्वात मोठा डोस असं जाहीर करायचं. या मोठ्या त्रासाला ट्रायलवाले डीएलटी म्हणतात, म्हणजे ज्याच्यामुळे डोस वाढवणं थांबवावंच लागेल असा त्रास. पुढची सगळी ट्रायल, पुढचं लायसन्स, पुढे लाखो लोकांच्या प्रिस्क्रिप्शनवर येणारा आकडा, सगळं त्या खालच्या पायरीवर उभं राहतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात ते ठीक आहे, कारण एका पातेल्यातला भात सगळा सारखाच शिजतो. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. एखाद्या डोसला शंभरातल्या चाळीस जणांना गंभीर त्रास होतो असं धरा, म्हणजे हा डोस नकोच. तरी ३+३ मध्ये हा डोस पास व्हायची शक्यता किती? तिघांनाही काही न होण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे जवळपास २२ टक्के, त्यात एकाला त्रास होऊन पुढचे तिघं सुखरूप राहण्याचे साधारण ९ टक्के मिळवा, झाले ३१. म्हणजे इतका वाईट डोस दर तीन ट्रायलमागे जवळपास एकदा पुढे सरकतो. उलट बाजूने बघा, ज्या डोसला शंभरातल्या फक्त वीस जणांना त्रास होतो, जो बहुतेक डॉक्टर चालेल म्हणतील, तो ही पद्धत २९ टक्के वेळा नापास करते. आणि सहा जणांत एकाला त्रास झाला, डोस पास, असं जेव्हा रिपोर्टमध्ये येतं तेव्हा खरा दर अर्ध्या टक्क्यापासून ६४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. हा हिशोब बारावीचं प्रोबॅबिलिटी केलेली पोरं कागदावर करू शकतात, यात कसलंही गुपित नाही.

दुसरा दोष मला याहून जास्त खटकतो. या पद्धतीला मागचं काहीच आठवत नाही. चौथ्या पायरीवर निर्णय घेताना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवरच्या पेशंटना काय झालं हे हिशोबात येतच नाही, जणू ती माणसं ट्रायलमध्ये नव्हतीच. आणि ही माणसं कोण, तर ज्यांचे नेहमीचे सगळे उपाय संपलेत असे लोक. १९९१ ते २००२ मधल्या अमेरिकेतल्या ४६० फेज वन, म्हणजे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या डोस शोधायच्या, ट्रायल एकत्र करून बघितल्या तेव्हा औषधाचा गुण तपासलेल्या १०,४०२ लोकांपैकी १०.६ टक्क्यांची गाठ आकसली होती किंवा गेली होती आणि एकूण ११,९३५ पैकी ०.४९ टक्के लोक औषधाच्याच त्रासाने गेले होते. इतकं पणाला लावून जो माणूस आपलं शरीर देतो त्याच्याकडून मिळालेली माहिती एका निर्णयापुरती वापरून टाकून द्यायची, हे मला नुसतं गणितातलं चुकीचं वाटत नाही.

पर्याय नव्हते असंही नाही. जॉन ओ'क्विग्ली, मार्गारेट पेपी आणि लॉइड फिशर यांनी १९९० सालीच कंटिन्युअल रीअसेसमेंट मेथड मांडली, तिच्यात आधी ठरवायचं की किती टक्के त्रास आपण चालवून घेणार, समजा ३० टक्के, आणि मग प्रत्येक पेशंटनंतर सगळ्या पायऱ्यांवरचा सगळा डेटा एकत्र घेऊन डोस आणि त्रास यांचा वक्र पुन्हा काढायचा. डॉक्टर म्हणाले हे काळ्या डब्यासारखं आहे, आत काय चाललंय कळत नाही, आणि ती तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पण २०१५ मध्ये सुयु लियू आणि यिंग युआन या दोघांनी बॉइन नावाची पद्धत आणली, ती तर टेबल छापून वॉर्डात भिंतीवर लावता येईल इतकी सोपी. ३० टक्के लक्ष्य असेल तर त्या डोसवरचं त्रासाचं प्रमाण २३.६ टक्के किंवा कमी असेल तर वर जा, ३५.८ च्या वर गेलं तर खाली या, मध्ये असेल तर तिथेच थांबून अजून पेशंट घ्या. सहांपैकी दोघांना त्रास झाला की ३+३ डोस बाद करून मोकळी होते, बॉइन म्हणते ३३ टक्के म्हणजे लक्ष्याच्या जवळच आहोत, अजून बघू. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२१ च्या डिसेंबरमध्ये या पद्धतीला रीतसर मान्यताही दिली.

तरी वापर किती? २००७ मध्ये काही संशोधकांनी १९९१ ते २००६ मधल्या १,२३५ कॅन्सर फेज वन ट्रायल मोजल्या, त्यात अशा नव्या पद्धतीने डोस ठरवलेल्या फक्त २० निघाल्या. त्यानंतर परिस्थिती नक्कीच सुधारलीय, पण ३+३ चा प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, आजही समोर येतो, आणि का विचारलं की उत्तर ठरलेलं, मागच्या वेळी हेच होतं, कमिटीला हे ओळखीचं आहे, स्टॅटिस्टिशियन शोधत बसावं लागत नाही. सोय कुणाची बघितली जातेय हे त्या उत्तरातच आलं.

इथपर्यंत पद्धतीबद्दल झालं. पण समजा ३+३ गेली आणि सगळीकडे बॉइन आली तरी अर्धाच प्रश्न सुटतो, कारण मूळ प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. सोसेल तितका मोठा डोस शोधा हा विचार आला १९४० च्या दशकातल्या नायट्रोजन मस्टर्डपासूनच्या जुन्या केमोमधून. ती औषधं वाढणाऱ्या सगळ्याच पेशी मारायची, मग जितकं जास्त तितकं जास्त मरणार, आणि केस गेले, रक्त उतरलं म्हणजे औषध काम करतंय असं मानायला तेव्हा काहीतरी आधार होता. आजच्या टार्गेटेड गोळ्या तशा चालत नाहीत. त्या पेशीतल्या एका ठराविक प्रोटीनला जाऊन चिकटतात. एसटीतल्या सगळ्या सीटा भरल्या की पुढे चढणाऱ्या माणसाला सीट मिळत नाही, तो मधल्या वाटेत उभा राहतो आणि बसलेल्यांना धक्के देतो, तसंच टार्गेट भरल्यावर वाढवलेलं औषध शरीरात भलतीकडेच जाऊन बसतं. शिवाय या गोळ्या चार सायकल घेऊन संपत नाहीत, वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या असतात, आणि डीएलटी मोजतात पहिल्या तीन-चार आठवड्यांत. रोज चार वेळा जुलाब, आठ महिने, बाहेर पडायची सोय नाही, कामावर जाता येत नाही, हे पहिल्या महिन्याच्या डीएलटीच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

हे ज्यांनी आधीच ओळखलं त्यांचं उदाहरण आहे. इमॅटिनिबच्या फेज वनमध्ये २५ पासून १००० मिलिग्रॅमपर्यंत ८३ पेशंटना औषध दिलं गेलं, सोसणारा सर्वात मोठा डोस सापडलाच नाही, पण ३०० आणि त्याच्या वर ५४ पैकी ५३ जणांचं रक्त पूर्ण नॉर्मलला आलं हे दिसत होतं, आणि ब्लड कॅन्सरच्या त्या प्रकारासाठी रोजचा डोस ४०० ठरला. सोसतंय म्हणून हजार दिलं नाही. गुण कुठे येतोय हे बघून आकडा ठरवला, इतकी साधी गोष्ट.

आणि न ओळखल्याची उदाहरणं तर बरीच. ब्लड कॅन्सरवरचं डॅसॅटिनिब २००६ मध्ये ७० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं आलं, पेशंटच्या छातीत पाणी व्हायला लागलं, मग वेगवेगळे डोस समोरासमोर तपासले तेव्हा कळलं की १०० मिलिग्रॅम एकदाच दिलं तरी गुण तेवढाच येतो आणि छातीत पाणी कमी होतं, २००७ मध्ये लेबल बदललं. फुप्फुसाच्या कॅन्सरवरचं सेरिटिनिब रिकाम्या पोटी ७५० होतं, २०१७ मध्ये जेवणाबरोबर ४५० झालं. जेमटुझुमॅबचं तर मला खरंच वाईट वाटतं, २००० मध्ये चौरस मीटरला ९ मिलिग्रॅम अशा डोसने मंजूर झालं, २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं आणि २०१७ मध्ये ३ मिलिग्रॅमच्या छोट्या हप्त्यांत विभागून पुन्हा आलं. मधली सात वर्षं तिथल्या ज्या ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरच्या) पेशंटना त्याचा उपयोग झाला असता त्यांच्यासाठी ते बाजारात नव्हतं.

सोटोरासिबची गोष्ट जरा थांबून बघू, कारण ती इतकी सरळ नाही आणि "कमी डोस म्हणजे नेहमी चांगला" असं म्हणणाऱ्यांनीही ती बघायला हवी. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची ही गोळी मे २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, डोस ९६०, म्हणजे १२० च्या आठ गोळ्या रोज. फेज वनमध्ये १८०, ३६०, ७२०, ९६० असं चढत गेले, कुणालाही डीएलटी झाली नाही, म्हणून सर्वात वरचा आकडा उचलला. पण त्याच ट्रायलमध्ये दिसत होतं की डोस पाचपट केला तरी रक्तातलं औषध त्या प्रमाणात वाढतच नाहीये. एफडीएने मंजुरी दिली आणि सांगितलं, आता २४० आणि ९६० ची तुलना करून दाखवा. केली, दोन्हीकडे साधारण शंभर-शंभर पेशंट, ९६० मध्ये जवळपास ३३ टक्के लोकांना गुण आला, २४० मध्ये जवळपास २५ टक्के. आता हा आठ टक्क्यांचा फरक खरा की योगायोग? शंभर-शंभरच्या गटात तो योगायोगानेही सहज येऊ शकतो, मी हिशोब करून बघितलाय, आणि खराही असू शकतो. डोस ९६० च राहिला. माझा आक्षेप ९६० ठेवण्यावर नाही. औषध विकायला लागल्यावर, लोक ते रोज आठ-आठ गोळ्या गिळायला लागल्यावर मग हा प्रश्न विचारला गेला, आणि तोही असा की उत्तर धूसर आलं, याच्यावर आहे. हीच तुलना मंजुरीच्या आधी, अजून एखादा मधला डोस धरून झाली असती तर आज डॉक्टरांना पेशंटसमोर अंदाजाने बोलावं लागलं नसतं.

एफडीएने २०२१ मध्ये प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अंतिम मार्गदर्शक सूचना काढल्या, सार एवढंच की एकापेक्षा जास्त डोस आधीच तपासा, शक्यतो चिठ्ठ्या टाकून गट पाडून. याच्यावर कंपन्यांचं आणि काही डॉक्टरांचंही म्हणणं असं की वेळ जाईल, औषध उशिरा पोचेल, दुर्मिळ कॅन्सरमध्ये इतके पेशंट मिळणार कुठून. दुर्मिळ कॅन्सरचा मुद्दा मी मान्य करते, तिथे सवलत हवी. वेळेचा मात्र नाही. डोस चुकला की तो वेळ वाचत नाही, तो पेशंटच्या आयुष्यातून वसूल होतो, काही लोक गोळ्या मध्येच सोडतात, नाहीतर आत्यासारखे त्रास लपवतात. अजून एक मुद्दा ऐकते, की मरणाच्या दारातल्या माणसाला कमी डोसच्या गटात टाकणं अन्याय आहे. पण कमी डोस कमी गुणाचा आहे हे माहीत असतं तर तुलना करायची गरजच काय होती, माहीत नाही म्हणूनच तर चिठ्ठी टाकतो. आणि आज ३+३ मध्ये पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर इतक्या नगण्य डोसवर माणसं ठेवली जातात की गुण यायची शक्यताच नसते, त्या अन्यायाबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

आपल्याकडे याचं काय? आपण वापरतो ती बहुतेक नवी कॅन्सरची औषधं बाहेरच्या लोकांवर डोस ठरवून येतात, आणि इथे डोसचा प्रश्न थेट पैशाचा होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरवर झालेली ट्रायल यासाठी महत्त्वाची. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, त्यांनी दिलं तीन आठवड्यांना फक्त २०, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, सोबत स्वस्त गोळ्यांची मेट्रोनॉमिक केमो, म्हणजे कमी डोसमध्ये सतत घ्यायची केमो. १५१ पेशंट, निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या अधिक निव्होलुमॅब. एक वर्ष जगलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आता स्टॅटिस्टिशियन म्हणून मला सांगायलाच हवं की ही तुलना पूर्ण डोसशी नव्हती, म्हणून २० हे २४० इतकंच चांगलं असं यावरून म्हणता येत नाही. पण ज्या औषधाच्या फेज वनमध्ये वजनाच्या दर किलोला ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत जाऊनही सोसण्याची मर्यादा सापडली नव्हती त्याचा इतका छोटा डोसही काम करतो हे दिसलं, आणि ते दाखवायला परळमधलं सरकारी मदतीवर चालणारं हॉस्पिटल लागलं. कंपनी स्वतःचं औषध कमी खपावं म्हणून कधी ट्रायल करणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही मी ठेवत नाही. म्हणून डोस कमी करून बघणाऱ्या ट्रायलना पैसा आयसीएमआरने, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, द्यायला हवा, नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलांतून त्या व्हायला हव्यात. प्रोस्टेट कॅन्सरवरच्या अबिराटेरोनचं उदाहरण तर हाताशी आहे, रिकाम्या पोटी १००० च्या ऐवजी हलक्या नाश्त्याबरोबर २५०, फक्त ७२ पेशंटवर झालेल्या छोट्या ट्रायलमध्ये पीएसए (रक्तात मोजतात ती प्रोस्टेट कॅन्सरची खूण) दोन्हीकडे सारखंच उतरलं. चार गोळ्यांची एक गोळी. याची मोठी ट्रायल ज्या देशात लोक औषधासाठी जमीन विकतात त्या देशात व्हायला नको का? (वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते, यातलं काहीही वाचून स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका, डॉक्टरांशी बोला.)

आणि आता फक्त बाहेरून येणारीच औषधं नाहीत, आपल्याकडेही पहिल्यांदा माणसात द्यायची औषधं तयार होतायत, आयआयटी मुंबई आणि टाटाची कार-टी सेल थेरपी (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, अजून येतील. म्हणजे डोस शोधायच्या ट्रायल इथे, आपल्या माणसांवर होणार. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांमध्ये एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात, त्यात कायदा जाणणारी व्यक्ती हवी, सामान्य माणूस हवा, महिला सदस्य हवी, आणि हे सगळं योग्यच आहे. स्टॅटिस्टिशियनची मात्र सक्ती नाही. ज्या ट्रायलचा सगळा जीव तीनाच्या आणि सहाच्या गणितात आहे ती मंजूर करताना खोलीत तो हिशोब येणारं कुणी नसलं तरी नियमाने चालतं. फेज वन प्रोटोकॉलसाठी तरी ही सक्ती करा, यासाठी कायदा बदलायला संसदेत जावं लागत नाही, नियमात एक दुरुस्ती पुरते.

तोपर्यंत संमतीपत्रात एक बदल कुठलीही कमिटी उद्यापासून मागू शकते. मी वाचलेल्या बहुतेक मराठी संमतीपत्रांत "या औषधाची सुरक्षितता तपासण्यासाठी" असं काहीतरी मोघम असतं, आपण कितव्या पायरीवर आहोत हे सही करणाऱ्याला कळत नाही. आत्यासारख्या बाईला समजेल अशा भाषेत लिहा की तुम्हाला जो डोस देणार आहोत तो तुमच्या आधी किती जणांनी घेतला, त्यांना काय काय झालं, आणि या डोसने गुण येण्याची आशा आहे की हा नुसता पुढच्यांसाठी वाट काढायचा डोस आहे. तीन ओळींत मावतं हे, आणि सही त्या तीन ओळींच्या खाली घ्या.